देणगीसाठी लांब पल्ल्याची सायकल राइड: वाटेत आजारी पडलात तर

पुणे ते कन्याकुमारी सायकलने साधारण दीड हजार किलोमीटर. रोज दीडशेच्या हिशोबाने दहा-अकरा दिवस. पावसाळा संपून हवा थंडावली की असे बरेच गट निघतात. कुणी कर्करोगाच्या रुग्णांसाठी निधी गोळा करतं, कुणी पाड्यावरच्या शाळेसाठी. तयारी म्हटली की सगळे सायकलच्या मागे लागतात: चेन, टायर, जास्तीच्या ट्यूबा, दिवे. अंगाचं काय, तर 'सराव झालाय की!' पण रोज सात-आठ तास घाम, रोज नवं पाणी, नवं जेवण आणि अर्धवट झोप असा आठवडा गेला की धडधाकट माणसाचंही पोट बिघडतं किंवा अंगात कणकण भरते. दहा-बारा जणांचा गट असेल तर एक-दोघं तरी वाटेत आजारी पडतील असं धरूनच आखणी करावी.

देणगीच्या राइडमध्ये एक जास्तीची पंचाईत असते. हौसेने निघालेला माणूस बरं वाटेनासं झालं तर गुपचूप एसटी पकडून घरी येतो. इथे ओळखीच्यांनी पैसे दिलेले असतात, सोसायटीने गेटवर ओवाळून पाठवलेलं असतं, रोज संध्याकाळी ग्रुपवर फोटो टाकायचे असतात. मग १०२ ताप असला तरी माणूस एक गोळी घेऊन सायकलवर बसतो. तापलेल्या डोक्याने आणि लोकलाजेपोटी घेतलेला निर्णय बहुतेक वेळा चुकतो. म्हणून कधी थांबायचं हे घरी, बरे असताना ठरवून घ्यायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीभोवती आहेत.

पायरी १: निघण्याआधी, घरी बसून

सुरुवात पैशांपासून करा. 'प्रत्येक किलोमीटरमागे इतके रुपये' अशी देणगी मागू नका. ऐकायला छान वाटतं, पण पाचव्या दिवशी तेच मानेवर बसतं: थांबलो तर संस्थेचे पैसे बुडणार. देणगी संस्थेला आहे, तुमच्या पायांना नाही, हे आवाहनातच स्पष्ट लिहा. पैसे थेट संस्थेच्या खात्यात जावेत आणि पावती संस्थेनेच द्यावी. 'तब्येतीमुळे राइड अर्धवट राहिली तरी देणगी संस्थेलाच जाईल' एवढं एक वाक्य आवाहनात असलं की पुढचं निम्मं ओझं उतरतं.

मग डॉक्टर. चाळिशी ओलांडली असेल, रक्तदाब, मधुमेह, दमा असेल किंवा घरात हृदयविकार असेल तर महिनाभर आधी दाखवून या. 'फिटनेस सर्टिफिकेट द्या' म्हणून जाऊ नका, नेमके प्रश्न विचारा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते. मधुमेहाच्या काही गोळ्या उलट्या-जुलाब होत असताना थांबवाव्या लागतात. तुमची गोळी त्यातली आहे का, आणि आजारी पडलात तर तिचं काय करायचं, हे कागदावर लिहून घ्या.

तिसरी गोष्ट नवखे हमखास विसरतात. गटातल्या एकाला 'थांब' म्हणायचा अधिकार द्या. तो आयोजक नसावा, कारण आयोजकाला सगळे शेवटपर्यंत पोचलेले हवे असतात. शक्यतो सपोर्ट गाडीतलं (गटामागून सामान घेऊन येणाऱ्या गाडीतलं) कुणीतरी असावं, म्हणजे ते रोज दमलेलं नसतं. त्याने किंवा तिने 'आज गाडीत बस' म्हटलं की वाद नाही, हे पहिल्या बैठकीत सगळ्यांसमोर ठरवा. दादा-ताई म्हणत लाडीगोडी लावणारे गटात असतातच, त्यांनाही हाच नियम.

आणि एक कार्ड. नाव, रक्तगट, चालू औषधं, कशाची ॲलर्जी, विम्याचा क्रमांक, घरच्या दोन माणसांचे फोन. कागल ओलांडलं की पुढे कर्नाटक आणि मग तमिळनाडू, म्हणून हे इंग्रजीत लिहा. एक प्रत जर्सीच्या मागच्या खिशात प्लॅस्टिकमध्ये, दुसरी गाडीत.

पायरी २: औषधांची पिशवी

फार भरू नका. डिजिटल थर्मामीटर, पॅरासिटामॉल, ओआरएसची भरपूर पाकिटं, डॉक्टरांनी लिहून दिलेली उलटीची गोळी, ॲलर्जीची गोळी (झोप आणणारी असेल तर फक्त रात्री), बुरशीवरचं मलम, झिंक ऑक्साइडचं किंवा साधं पेट्रोलियम जेलीचं मलम, जखमेसाठी पोव्हिडोन आयोडीन, पट्ट्या. थर्मामीटर विसरू नका. 'अंग जरा गरम वाटतंय' यावर रात्री दहा वाजता लॉजच्या खोलीत वाद घालण्यापेक्षा आकडा बरा.

अँटिबायोटिक 'असू दे' म्हणून नेऊ नका. नेलं की कुणीतरी पहिल्याच जुलाबाला घेतं. तशीच आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक वगैरे दुखण्यावरची गोळी. गुडघा दुखला की सायकलवाले ती गोळी चण्या-फुटाण्यासारखी खातात. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना याच गोळ्या मूत्रपिंडाला आणि जठराला त्रास देतात. त्यातून पावसाळ्यानंतरचे हे महिने डेंग्यूचे. नेमका ताप कशाचा हे कळेपर्यंत पॅरासिटामॉलशिवाय दुसरं काही घेऊ नये, कारण डेंग्यूत ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेनने रक्तस्रावाचा धोका वाढतो. सर्दीच्या तयार गोळ्यांमध्येही बहुधा पॅरासिटामॉल असतं. पाकिटामागचं वाचा, नाहीतर नकळत दुप्पट जाईल.

पायरी ३: रोज सकाळी पाच मिनिटं

उठल्यावर अंथरुणातच नाडी मोजा. निघण्याआधी आठवडाभर घरी मोजलेली असली की तुमची नेहमीची नाडी माहीत असते. त्यापेक्षा दहा-पंधरा ठोके जास्त असतील तर शरीर कशाशी तरी झगडतंय: थकवा, पाण्याची कमतरता किंवा येऊ घातलेला ताप. लघवीचा रंग बघा. फिकट पिवळा ठीक, चहासारखा गडद असेल तर आधी पाणी आणि मीठ, मग सायकल. नाश्त्याची वासना आहे का तेही बघा. काल दीडशे किलोमीटर मारलेल्या माणसासमोर इडली येते आणि त्याला ती नको वाटते, याचा अर्थ काहीतरी बिनसलंय.

'मी बरा आहे' यावर जाऊ नका, हातांकडे बघा. हेल्मेटचा बकल दोन-तीनदा चुकतोय, हातमोजे घालायला वेळ लागतोय, बाटली स्टँडमध्ये बसत नाहीये, साध्या प्रश्नाला चिडून उत्तर येतंय. अशा माणसाला ट्रकच्या रांगेत सोडायचं नसतं.

पायरी ४: सर्दी का ताप, ते गळ्यावरून ठरवा

धावणारे-सायकल चालवणारे सर्रास वापरतात तो नियम सोपा आहे. त्रास गळ्याच्या वर असेल, म्हणजे नाक वाहतंय, शिंका येतायत, घसा थोडा खवखवतोय, तर हळू चालवून बघा. पंधरा-वीस मिनिटांत बरं वाटलं तर चालू ठेवा, नाहीतर गाडी. त्रास गळ्याच्या खाली असेल, म्हणजे छातीत कफ, धाप, अंग मोडून येणं, थंडी वाजणं, जुलाब, तर सायकल बंद. ताप असेल तर लक्षण कुठलंही असो, सायकल बंद. विषाणूजन्य तापात जोराची मेहनत केली की हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका असतो. प्रकार क्वचित घडतो, पण घडला तर जिवाशी येतो. गोळी घेऊन ताप उतरवला म्हणजे आजार गेला असं नाही, आकडा झाकला गेला एवढंच.

पहिल्या दोन-तीन दिवसांत जो खोकला सुरू होतो तो बऱ्याचदा आजाराचा नसतो, धुळीचा असतो. साताऱ्यापासून कागलपर्यंत रुंदीकरणाची कामं, त्यात उसाचा हंगाम, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, पाचटाचा धूर. नाका-तोंडावर पातळ बफ (गळ्यात घालायची कापडी नळी) ओढा, मुक्कामाला मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या आणि वाफ. दमा असलेल्यांनी इन्हेलर गाडीत नाही, खिशात ठेवावा. गाडी दहा किलोमीटर मागे असते तेव्हाच तो लागतो.

पायरी ५: पोट

सगळ्यात जास्त राइडी पोटामुळे मोडतात, म्हणून इथे जरा थांबतो.

आधी टाळायचं काय. बर्फ टाळा. कराड-कोल्हापूर पट्ट्यात उसाच्या रसाची गाडी दर दोन मैलांवर, आणि घामाघूम माणसाला तो नको म्हणणं फार कठीण. रस प्यायचाच असेल तर बिनबर्फाचा आणि समोर काढलेला. कापून ठेवलेली फळं नकोत, केळी हवी तेवढी. पाणी बाटलीबंद किंवा उकळलेलं, आणि सायकलच्या बाटल्या रोज रात्री साबणाने, झाकणाची चोच दाबून आतून धुवा. दहा दिवस साखरेचं पाणी भरलेल्या बाटलीत आत हिरवट बुळबुळीत थर धरतो, तो प्रकाशात धरल्याशिवाय दिसत नाही. जेवणाआधी हात धुवा. पंक्चर काढलेल्या हाताने वडापाव खाण्यात कसलीही बहादुरी नाही. पहिल्या-दुसऱ्या मुक्कामाला कोल्हापूर येतं आणि तांबडा-पांढरा खुणावतो. तो परतीच्या वाटेवर ठेवा, कोल्हापूर कुठे जात नाही.

तरीही जुलाब लागलेच तर पहिलं औषध ओआरएस. मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, लहान २०० मिलिलिटरसाठी. पाकिटावर वाचा. रस्त्यावर हमखास होणारा घोळ असा: हातात अर्ध्या लिटरची बाटली, त्यात लिटरचं पाकीट ओतलं. ते पाणी जास्त खारट-गोड होतं आणि जुलाब वाढू शकतात. अंदाजाने अर्धं पाकीट टाकणंही बरोबर नाही, कारण पाकिटातले घटक सारखे मिसळलेले असतीलच असं नाही. गाडीत लिटरची एक रिकामी बाटली फक्त यासाठी ठेवा. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजाने वाढवू नका. घोट घोट प्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा चमच्या-चमच्याने सुरू करा.

टेट्रापॅकमधल्या गोड पेयांवर पूर्वी मोठ्या अक्षरांत 'ओआरएस' असायचं. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, त्या शब्दाला मनाई केली, कारण त्यांत साखर जास्त आणि क्षार कमी असायचे. मेडिकलमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं पाकीटच मागा. शहाळं चांगलं, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी, म्हणून ते ओआरएसच्या जागी चालत नाही, सोबत चालतं.

जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळी बसप्रवासापुरती ठीक. ती घेऊन सायकल चालवायची नाही. ताप असेल किंवा शौचात रक्त-शेम असेल तर ती घ्यायचीच नाही, कारण घाण आत अडकते. रक्त, १०१ च्या वर ताप, सहा-सात तास लघवी न होणं, पाणीसुद्धा न टिकणं, यातलं काहीही दिसलं तर डॉक्टर, त्याच दिवशी. खाण्यासाठी दक्षिणेसारखा प्रांत नाही: इडली, ताक-भात, रसम-भात, भाताची पेज. मेडिकलमध्ये भाषेचंही फार अडत नाही, 'वांती' आणि 'भेदी' कर्नाटकात आणि तमिळनाडूत दोन्हीकडे कळतं.

पायरी ६: ऊन, पाणी आणि मीठ

चित्रदुर्गाच्या आसपास उघडा माळ आणि समोरून वारा. वाऱ्यात घाम लगेच सुकतो, त्यामुळे किती गेला ते कळत नाही. पुढे करूर-दिंडिगल पट्ट्यात डिसेंबरमध्येही दुपारचं ऊन चटकतं. पायात गोळे येणं, डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं ही पहिली खूण. सावलीत बसा, बूट-मोजे काढा, ओआरएस घ्या, तास-दीड तास उठू नका.

याच्या उलट चूकही होते, आणि ती नवख्यांकडूनच. 'पाणी पी, पाणी पी' ऐकून ते दिवसभर नुसतं साधं पाणी ढोसतात. घामातून मीठ गेलेलं, वर पाणी भरलेलं, मग रक्तातलं सोडियम घसरतं. बोटं सुजतात, अंगठी घट्ट होते, पोट फुगतं, डोकं दुखतं, पुढे माणूस बरळायला लागतो. त्याला आणखी पाणी पाजणं धोक्याचं. फरक ओळखायचा तर एवढं लक्षात ठेवा: पाणी कमी पडलेल्याला तहान असते आणि लघवी गडद व कमी असते; पाणी जास्त झालेला वारंवार पाणी प्यायलेला असतो, पण त्याला तहान नसते. तहान लागेल तसं प्या, दोन बाटल्यांपैकी एकीत क्षार ठेवा, मध्ये खारे शेंगदाणे, लोणचं-भात, मीठ घातलेलं ताक घ्या.

उन्हात कुणी असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात. घाम येत असला तरी उष्माघात असू शकतो. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत थंड करत राहा: सावली, अंगावर पाणी, जोराचा वारा, मान-काख-जांघेत बर्फ. शुद्ध नीट नसेल तर तोंडात काहीही घालू नका.

पायरी ७: बसायची जागा, हात-पाय

याला कुणी आजार म्हणत नाही, पण फोड चिघळला की तापही येतो. पॅडेड शॉर्ट्सच्या आत अंतर्वस्त्र घालू नका. मुक्कामाला पोचलात की फोटो नंतर, आधी शॉर्ट्स बदला आणि अंघोळ करा. शॉर्ट्स रोज धुवा, ओल्या घालू नका. तमिळनाडूत डिसेंबरपर्यंत ईशान्य मोसमी पाऊस असतो, म्हणजे दिवसभर ओले मोजे. बोटांच्या बेचक्या कोरड्या करून पावडर लावा. करंगळी आणि अनामिका बधिर झाली तर हँडलवर हाताची जागा बदलत राहा आणि हँडलबार थोडा वर घ्या. दुसऱ्या दिवशीही बधिरपणा गेला नाही तर दाखवा.

महिलांसाठी एक वेगळी गोष्ट, कारण ती मिश्र गटात कुणी बोलत नाही. महामार्गावर स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून बायका पाणीच कमी पितात, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी उन्हाळी लागते: जळजळ, सारखी लागल्यासारखी वाटणं, ओटीपोटात दुखणं. आखणी करतानाच दर वीस-पंचवीस किलोमीटरला पेट्रोल पंप, टोलनाका किंवा बऱ्यापैकी हॉटेल असं थांबे धरून लिहा, आणि तिथे सगळा गट थांबेल असं ठरवा, म्हणजे एकटीला मागे राहावं लागत नाही. जळजळीबरोबर थंडी वाजून ताप आला किंवा कंबरेच्या वर पाठीत दुखलं तर सोड्याच्या पुडीवर भागवू नका, डॉक्टर गाठा.

पायरी ८: थांबलात, आता पुढे काय

छातीत दुखणं, दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, नेहमीच्या चढावर अचानक न झेपणारी धाप, चक्कर येऊन पडणं: इथे पित्त आहे का म्हणून वाट बघत बसायचं नाही. १०८ महाराष्ट्र, कर्नाटक, तमिळनाडू तिन्ही राज्यांत चालतो, ११२ ही चालतो. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आहे. फोनवर 'हुबळीच्या पुढे' सांगून कुणी सापडत नाही. रस्त्याकडेच्या फलकावरचा किलोमीटरचा आकडा आणि तुम्ही कुठल्या बाजूच्या मार्गिकेवर आहात ते सांगा.

बाकी आजारात सुदैवाने हा रस्ता सोयीचा आहे. कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, दावणगिरी, चित्रदुर्ग, तुमकुरू, सेलम, मदुराई, तिरुनेलवेली, सगळीकडे वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. आजारी माणसाला छोट्या गावात 'सकाळपर्यंत बघू' म्हणून ठेवण्यापेक्षा संध्याकाळीच यातल्या जवळच्या शहरात न्या. सोबत एक जण थांबवा. दोघं नको, गट रिकामा होतो; आणि एकट्याला तर कधीच सोडू नका. यातल्या बहुतेक ठिकाणी रेल्वेही आहे, सायकल पार्सल ऑफिसातून बुक करता येते. खासगी स्लीपर बसच्या डिकीत पुढचं चाक काढून ती मावते, पण गिअरची बाजू वर ठेवा.

देणगीदारांना त्याच संध्याकाळी कळवा. उशीर केला की अफवा पोचतात, आणि घरच्यांना ग्रुपवरून कळणं सगळ्यात वाईट. मजकूर असा पुरे: 'आज हुबळीला थांबलो. कालपासून ताप आणि जुलाब, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे, काळजीचं कारण नाही. गट उद्या दावणगिरीकडे निघेल. तुमची देणगी संस्थेच्या खात्यात जमा झाली आहे, पावत्या संस्थेकडून येतील.' माफी मागू नका, रुग्णशय्येवरचा फोटो टाकू नका. सलाइनच्या फोटोवर देणग्या वाढतात म्हणून तो टाकणारेही आहेत. मला तो प्रकार आवडत नाही.

पायरी ९: पुन्हा सायकलवर

तापासाठी: गोळी न घेता पूर्ण चोवीस तास ताप नाही, आणि सकाळची नाडी पूर्ववत. पोटासाठी: दोन जेवणं टिकली, लघवी फिकट. मग पहिल्या दिवशी निम्मं अंतर, तेही सपाट रस्त्यावर. धर्मपुरी-सेलमच्या मधला तोप्पूर घाट त्या दिवशी येत असेल तर तेवढा गाडीतून. उष्माघात, छातीतलं दुखणं, बेशुद्धी किंवा डेंग्यूचं निदान झालं असेल तर या राइडपुरती सायकल संपली, यावर गटात चर्चासुद्धा नको. डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवसच जास्त जपायचे असतात. पोटात सतत दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त ही लक्षणं तेव्हाच दिसतात.

गाडीतून आलेल्या टप्प्यांचे किलोमीटर हिशोबात धरू नका आणि लपवूही नका. आणि घरी परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना आपणहून सांगा की कुठल्या रस्त्याने, कुठल्या तारखांना गेला होतात, कुठे पाण्यातून चाललात, कुठे डास चावले. डेंग्यू, मलेरिया, लेप्टो, टायफॉइड यांतलं आधी काय तपासायचं ते त्यावरून ठरतं.